कोरीची पिल्लं जगली, काकू!

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार समोरासमोर मानायची काही सोय नाही. मी तोंड उघडलं की "ते राहू दे, तळ साफ केलास का?" असं विचारून तुम्ही मोकळ्या होता. म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय कोरी मासे पाळणाऱ्या बऱ्याच जणांकडे अंडी मिळतात, पिल्लंही निघतात आणि दोन-तीन आठवड्यांत टाकी रिकामी होते. घोडं पेंड खातं ते इथेच. तुम्ही शिकवलेलं त्यांच्याही कामी येईल.

ब्राँझ कोरी म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, जेमतेम 6-7 सेंमी.चा, तळाशी मिशा खुपसत हिंडणारा कॅटफिश. शास्त्रज्ञांनी 2024 मध्ये कोरिडोरस या अवाढव्य वंशाची फोड केली आणि याची रवानगी ऑस्टिओगास्टरमध्ये झाली. मी ही बातमी मोठ्या उत्साहाने सांगितली, तर तुम्ही म्हणालात, "नाव बदलू दे, पाणी गारच लागणार." खरंच आहे. तिकडे पावसाचं गार पाणी नदीत उतरलं की हे मासे अंड्यांवर येतात. आपल्या ठाण्यातल्या मे महिन्यात टाकी तिशीच्या वर जाते, तेव्हा त्यांच्याकडून कसली अपेक्षा करायची! तुम्ही मला पावसापर्यंत थांबवलंत. एका मादीमागे दोन नर ठेवायला सांगितलेत, ब्लडवर्म, म्हणजे पाण्यातल्या लाल अळ्या, खाऊ घालायला लावलेत आणि जूनमध्ये नळाचं पाणी गारठल्यावर, क्लोरीन काढून, निम्मं पाणी बदलायला सांगितलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर अंडी.

मादी नराच्या पोटाशी तोंड लावते आणि त्याचं वीर्य चक्क गिळते. ते तिच्या आतड्यातून झपाट्याने पार होऊन अंड्यांपर्यंत पोचतं. जपानी संशोधकांनी हे 1995 मध्ये प्रसिद्ध केलं. तुम्ही ते मला भर लिफ्टमध्ये, दोन अनोळखी माणसांदेखत, खणखणीत आवाजात समजावलंत. ते दोघे मधल्याच मजल्यावर उतरले.

मोठे मासे स्वतःचीच अंडी खातात, म्हणून अंडी हलवायची. काचेवरचं अंडं बोटाने हलकेच लोळवायचं, फुटत नाही, हे तुम्ही करून दाखवलंत तेव्हाच मला पटलं. वेगळ्या डब्यात त्याच टाकीचं पाणी, मंद हवा आणि जंगली बदामाचं वाळकं पान. फळलेली अंडी एक-दोन दिवसांत तपकिरी होतात. जी पांढरीफटक राहतात त्यांना बुरशी धरते आणि ती शेजारच्यांनाही बाधते, म्हणून रोज वेचून टाकायची. तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर. पहिले दोनेक दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवरच त्यांचं भागतं. तोवर त्यांना काहीही घालायचं नाही.

आणि मग तुमचा तो डबा. विरजण द्यावं तसं तुम्ही मायक्रोवर्मचं, म्हणजे बारीक जंतांचं, कल्चर चमचाभर दिलंत, ओट्सच्या घट्ट पेजेत, वर चिमूटभर यीस्ट. दोन-चार दिवसांत डब्याच्या कडा चमकायला लागल्या. जवळून बघितलं तर मिलिमीटरभर लांबीचे पांढरे धागे वळवळत प्लास्टिकवर चढत होते. कडेवरून बोट फिरवायचं, पाण्यात बुडवायचं, झालं. हे जंत तळाशी जातात आणि पिल्लंही तळाशीच असतात, त्यामुळे शोधाशोध नाही. आंबूस वासाबद्दल घरच्यांचं मत मी इथे लिहीत नाही.

पण माझ्या मते तुमची खरी देणगी खाण्याची नाही, सफाईची. दुकानांत पिल्लांसाठी पावडरी, थेंब, काय काय विकायला ठेवलेलं असतं. एअर पंपाच्या पातळ नळीने रोज तळ ओढून घ्यायला मात्र कोणी सांगत नाही. ही पिल्लं दिवसभर तळाला चिकटून असतात. उरलेलं खाणं कुजतं तेही तिथेच, आणि पिल्लं दगावतात ती बहुधा त्या घाणीने. तुम्ही नळीचं दुसरं टोक पांढऱ्या टबात सोडायला सांगितलंत. का, ते पहिल्याच दिवशी कळलं: गाळाबरोबर एक पिल्लू ओढलं गेलं आणि पांढऱ्या तळावर दोन काळे डोळे तुरुतुरु पळताना दिसले. चमच्याने उचललं आणि परत सोडलं. टबाचा रंग निळा असता तर ते मोरीत गेलं असतं. काढलं तेवढं पाणी परत घालताना तापमान तेच, आणि धार नाही, थेंब थेंब. स्पंज फिल्टर जुन्या टाकीत मुरलेला, नवा कोरा नाही.

ब्राइन श्रिंपबद्दल, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांबद्दल, आपलं अजून पटत नाही. लिटरला 25-30 ग्रॅम मीठ, त्यात त्यांची अंडी, हवा चालू, दिवसभरात नारिंगी पिल्लं तयार. कोरीची पोटं त्याने तट्ट फुगतात. तुम्ही त्याला "श्रीमंतांचे चोचले" म्हणता. एकदा वरच्या मजल्यावर येऊन बघा, मग बोला.

पिल्लं आता बोटाच्या पेरापेक्षा मोठी आहेत. त्यांतली सहा तुमच्या टाकीसाठी बाजूला काढली आहेत. रविवारी घेऊन येतो, झाकणाच्या डब्यातून. पिशवीत घालत नाही, परांचे काटे पिशवी फोडतात, आणि फोडली तर मला काय ऐकावं लागेल ते ठाऊक आहे.

आपला,
वरच्या मजल्यावरचा