एकच चाकू ठेवायचा तर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

कपाटातल्या सगळ्या चाकूंतून एकच ठेवायचा झाला तर तुम्ही कोणता ठेवाल, असे तू फोनवर विचारलेस तेव्हा मी लिहून कळवतो म्हणालो, कारण एका वाक्यातले उत्तर तुला पटले नसते. शिवाय हा प्रश्न आता नुसता गप्पांचा राहिलेला नाही. पावसाळा संपला की बाग काकांच्या हाती सोपवून आई आणि मी रत्नागिरीतल्या दोन खोल्यांत राहायला जाणार आहोत. तिथे संग्रह मांडून ठेवायला जागा नाही, आणि वापराविना डब्यात पडून राहणे हे कोणत्याही चांगल्या हत्याराच्या वाट्याला येऊ नये असे मला मनापासून वाटते. म्हणून एक ठेवायचा आणि बाकीचे योग्य हातांत द्यायचे, असे ठरवले आहे.

मी ठेवणार आहे तो स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा, ॲल्युमिनियमच्या मुठीचा पायोनिअर. आंबा कापायला मी नेहमी फ्रान्सचा लाकडी मुठीचा ओपिनेल काढतो म्हणून तुझा अंदाज त्याच्यावर होता, आणि आईची तर खात्रीच होती की मी कलमाचा चाकू ठेवीन. दोघींचे अंदाज निराधार नव्हते, म्हणून आधी त्या दोघांविषयी लिहितो.

कलमाचा चाकू माझ्याकडच्या सर्व चाकूंत सर्वांत अचूक आहे, यात वाद नाही. जर्मनीतील रॉयटलिंगेन येथे टिना हा कारखाना १८५४ पासून चाकू घडवीत आला आहे आणि आपल्याकडचा चाकू तिथला आहे. त्याचे पाते एकाच बाजूने घासलेले आणि दुसऱ्या बाजूने पूर्ण सपाट असते. त्यामुळे उजव्या हाताचा चाकू वेगळा आणि डाव्या हाताचा वेगळा घ्यावा लागतो. कोय कलम करताना या सपाट बाजूचे मोल कळते. नुकत्याच रुजलेल्या कोयीचा तांबूस, कोवळा कोंब छाटून त्याला मधोमध उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला चार-पाच सेंटिमीटरची पाचर करून ती त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची, एवढेच ते काम आहे; परंतु पाचरेचे दोन्ही काप एकाच ओढीत, आरशासारखे सपाट झाले नाहीत तर आत पोकळी राहते, सालीखालचे जिवंत थर एकमेकांना भिडत नाहीत आणि काडी सुकून जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही पद्धत कोकणात घरोघरी पोहोचवली, आणि आज एखादा सराईत माणूस दिवसभरात शेकडो कलमे बांधतो ती अशा चाकूच्या भरवशावर. मात्र याच कारणाने त्या चाकूने दुसरे काहीही कापायचे नसते. मी त्याने सुतळीसुद्धा कधी कापली नाही. ज्याने एकच काम करायचे तो चाकू एकमेव म्हणून ठेवता येत नाही. शिवाय बाग सोडून गेल्यावर तो माझ्या खिशात राहून काय करणार? आपल्याकडे पावसाळ्यात कलमे बांधायला येतात त्यांना तो द्यायचा आहे. त्यांच्या हाताला तो माझ्या हातापेक्षा अधिक शोभतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

ओपिनेलची गोष्ट निराळी आहे. त्याच्याइतके सुंदर कापणारे पाते माझ्याकडे दुसरे नाही. आल्प्सच्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली हा चाकू घडवला आणि १८९७ मध्ये त्याचे १ ते १२ असे क्रमांक लावले. आपला आठ क्रमांकाचा आहे, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. बीच लाकडाची गोल मूठ, तिच्यातली एक खाच, एक खिळा, एक पाते, आणि १९५५ साली जोडली गेलेली फिरणारी पोलादी कडी, जी फिरवली की उघडे पाते बोटांवर मिटत नाही. यातून काही वगळू म्हटले तर वगळण्याजोगे काही सापडत नाही. पाते पातळ असल्यामुळे तोतापुरीच्या फोडी कागदासारख्या निघतात, आणि साध्या कार्बन पोलादाचे असल्यामुळे धार पटकन चढते.

पण तो ज्या डोंगराळ, कोरड्या हवेत जन्मला ती हवा आपली नव्हे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. जून लागला की त्याची मूठ फुगते आणि पाते खाचेत असे आवळले जाते की नखाने ओढून निघत नाही. सॅव्हॉयचे लोक अशा वेळी मुठीचे टोक लाकडावर आपटून पाते बाहेर काढतात आणि ती युक्ती आपल्याकडेही चालते, परंतु आषाढात कधी कधी तेवढ्यानेही भागत नाही. पोलादाचे तर विचारूच नये. कैरी किंवा कोकम कापून पाते पुसायचे राहिले तर तासाभरात काळे डाग पडतात आणि रात्रभरात तांब चढते. जवसाचे तेल मुरवणे, पाते पुसून त्यावर तेलाचा बोट फिरवणे, हे सारे मी आनंदाने करीत आलो, कारण मला त्या चाकूची आवड आहे. पण ज्याला वर्षातले चार महिने सांभाळावे लागते त्याने बाकीच्या सर्वांची जागा घ्यावी, अशी अपेक्षा करता येत नाही. तो काकांकडे राहील. माजघरात चुलीच्या बाजूला ठेवला तर पावसातही त्याचे बरे चालेल.

जपानी हिगोनोकामी आणि अमेरिकन बक यांचा निर्णय लवकर झाला. हिगोनोकामी मिकी गावचा. पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ आणि अंगठ्याने दाबून धरायची शेपटी, ना पाते ताणून धरणारी कमान, ना उघडे पाते अडकवून ठेवणारा खटका. तिकडची शाळकरी मुले एके काळी पेन्सिली तासायला हाच वापरीत. तो मी तुझ्या चुलतभावाला देईन, कारण तो चित्रे काढतो आणि लांब शिशाची पेन्सिल त्याला आवडते. बक ११० हा १९६० च्या दशकातला नमुना, पितळी टोपणांचा आणि पाठीवर खटका असलेला, ज्याची नक्कल नंतर जगभर झाली. तो अतिशय भक्कम आहे, पण दोनशे ग्रॅमच्या घरात वजन आहे आणि सदऱ्याचा खिसा त्याने ओढला जातो. तो पट्ट्याला अडकवून रानात फिरणाऱ्याचा आहे. मामा अजून सह्याद्रीत हिंडतात, त्यांना उपयोगी पडेल.

आजोबांचा चाकू मात्र तुझा. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा तो लहान, हाडाच्या मुठीचा चाकू आहे आणि त्याच्या पात्याच्या बुडाशी तारा आणि क्रूस अशी दोन चिन्हे अजून वाचता येतात. आजोबा त्याने बोरू तासत आणि पुढे पेन्सिली. आपल्याकडे त्या काळी रॉजर्सच्या नावाला इतका मान होता की बाजारात त्याच्या खोट्या मालाचीही रेलचेल असे. तू शेफिल्डमध्ये धातुशास्त्र शिकते आहेस म्हणून सांगतो: त्या गावच्या उत्तम चाकूंच्या मुठींसाठी सांबरशिंगे आपल्या देशातून तिकडे जात, आणि हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली न गंजणारे पोलाद तिथेच ओतले. स्टॅन शॉ नावाचे कारागीर, जे २०२१ मध्ये वारले, त्यांनी तिथे आयुष्यभर एकेक खिशातला चाकू हाताने घडवला. केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात गेलीस तर त्या परंपरेची हत्यारे पाहता येतील, आणि आजोबांच्या चाकूची कमान इतक्या वर्षांनंतरही का वाजते हे तुला माझ्यापेक्षा चांगले समजेल. तो रोज वापरायचा नाही, कारण त्याचे पाते घासून घासून अर्धे उरले आहे.

आता पायोनिअर. कार्ल एल्सनर याने १८८४ साली श्वित्सजवळच्या इबाख गावी कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकूंचा पहिला पुरवठा केला. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा, कात्री-चिमटा असलेला चाकू; माझा त्याच घराण्यातला, पण सैनिकी वळणाचा आहे. १९६१ पासून स्विस सैनिकांच्या खिशात ज्या घडणीचा चाकू असे, जवळजवळ तोच हा, फक्त याला किल्ल्या अडकवायची एक कडी जास्त आहे. त्याची लांबी ९३ मिलिमीटर आणि वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास. मुठीच्या पट्ट्या बारीक दाण्यांच्या ॲल्युमिनियमच्या असल्यामुळे ओल्या हातातून तो निसटत नाही आणि पावसात फुगायला त्यात काहीच नाही. एक मोठे पाते, एक आरी, डबा उघडायचे पाते ज्याच्या टोकाला लहान स्क्रू ड्रायव्हर आहे, आणि बाटलीचे झाकण काढायचे पाते ज्याच्या टोकाला मोठा. संपले. यातले प्रत्येक मी खरोखर वापरले आहे, आणि आरी तर सर्वांत जास्त: चपलेचा अंगठा तुटला, ताडपत्रीला दोरीसाठी भोक हवे झाले, पट्ट्याला एक घर वाढवायचे झाले, की चांभाराकडे जावे लागत नाही. सुतळी, खताच्या गोणीचा टाका, शहाळ्याची मलई, विजेच्या वायरीचे आवरण, औषधाच्या बाटलीचे घट्ट बूच, रेडिओचा मागचा स्क्रू, हे सारे एकाच चाकूने झाले आणि आंबा कापण्यापूर्वी तो धुवून घेतला की पुरे झाले.

त्याचे पोलाद फार कठीण नाही. जाणकार त्याची कठिणता रॉकवेल मापात ५६ च्या आसपास सांगतात, आणि आजकालच्या महागड्या पोलादांपुढे ती कमीच ठरते. धातू शिकणारी मुलगी म्हणून तू यावर आक्षेप घेशील, तर माझे म्हणणे ऐक. कठीण पोलादाची धार जास्त टिकते हे खरे, पण ती गेली की साध्या दगडाला दाद देत नाही आणि टोकाला टवका उडण्याची भीती असते. या पात्याची धार महिनाभराने मंदावते आणि चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड असली तरी पाच-दहा ओढींत परत येते. पाते वीसेक अंशांत तिरपे धरायचे, दोन्ही बाजूंना सारख्या ओढी द्यायच्या आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलटे फिरवायचे. ज्याला धार लावायला दुसऱ्याकडे पाठवावे लागत नाही तोच चाकू आयुष्यभर पुरतो, आणि एकच ठेवायचा तर हा गुण मी बाकी सगळ्यांच्या वर मांडीन.

त्याला खटका नाही, ही त्याची उणीव म्हणून सांगितली जाते. टोक खुपसून जोर लावला तर पाते बोटांवर मिटू शकते. पण असा जोर चाकूने लावायचाच नसतो. त्या कामाला आरी आहे, छिन्नी आहे. उलट या साधेपणामुळे तो कुठेही नेता येतो. तुझ्याकडे इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार घडीचा, बिनखटक्याचा आणि ३ इंचांपर्यंत धारेचा चाकू विनाकारणही खिशात ठेवता येतो. याचे पाते सात सेंटिमीटरच्या आसपास असल्यामुळे तो त्यात बसतो, पण कडीने अडकणारा ओपिनेल आणि खटक्याचा बक बसत नाहीत. आपल्याकडे पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल आणि ते घरकामाचे वा शेतीचे नसेल तर ते शस्त्र ठरते. त्याशिवाय महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात तेव्हा लहान चाकूदेखील घरीच ठेवावा. कटकट वाजत उघडणारा रामपुरी मी संग्रहातही कधी घेतला नाही. चाकू बाहेर काढल्यावर शेजारचा माणूस दचकला तर तो चाकू खिशात बाळगण्याजोगा नाही, असे माझे ठाम मत आहे. पायोनिअर मी एस्टीत केळे कापायला काढला आहे आणि समोरच्या आजींनी तो मागून घेऊन सुपारीच्या पुडीची दोरी कापली आहे.

काही गोष्टी त्याने होत नाहीत. कलम त्याने बांधू नये, भाकरीला लोणी लावायला तो फार बोथट टोकाचा नाही, आणि नारळ सोलायला कोयताच हवा. कात्री असती तर बरे, असे आईचे म्हणणे आहे आणि ते रास्त आहे. पण कात्री आली की जाडी वाढते आणि खिशातली जागा जाते, म्हणून कात्री तिच्या शिवणाच्या डब्यात राहू दे.

तुलाही असाच एक घेऊन ठेवला आहे, कारण माझा मी एवढ्यात देणार नाही. डिसेंबरात येशील तेव्हा तो आणि आजोबांचा, दोन्ही घेऊन जा. परतीच्या प्रवासात दोन्ही चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेव. हातातल्या बॅगेत राहिले तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील. आजोबांच्या पात्याला तिकडे पोहोचल्यावर तेलाचा हलका हात दे, आणि तुमच्या प्रयोगशाळेत जुन्या पोलादाची तपासणी पात्याला धक्का न लावता करता येत असेल तर त्यात कार्बन किती आहे ते मला कळव.

आईचे आशीर्वाद. प्रकृतीस जपावे.

तुझे
बाबा