ट्रेनरला मांडी घालून बसायला सांग

पाटण,
रविवार

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, लर्निंगची मुदत संपत आलीय, आणि ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणतो, ‘टेस्टचं टेन्शन घेऊ नका मॅडम, आपली माणसं आहेत तिथं.’ तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून मी गप्प बसलो. तसंही फोनवर काही सांगायला गेलं की तू ‘हो अण्णा, हो अण्णा’ करतेस आणि फोन ठेवून देतेस. म्हणून कागदावर लिहितोय. तुझा भाऊ फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर त्याला विचार, त्याला माझं अक्षर वाचायची सवय आहे.

त्या माणसाची ‘आपली माणसं’ खरंच तिथं आहेत की नुसतं बोलायचं म्हणून बोलला, ते मला माहीत नाही. असली तरी तुला ती नकोत. कारण सांगतो. तू तिशीच्या आतली आहेस. आता पक्कं लायसन्स मिळालं की ते थेट तुझ्या चाळिशीपर्यंत चालतं. पुढे वेळेत नूतनीकरण केलं तर गाडी चालवून दाखव असंही कोणी म्हणत नाही. म्हणजे तुझं ड्रायव्हिंग एखादा परका माणूस कागद-पेन घेऊन बघणार, तो हा एकच दिवस. आमचं बस चालवणाऱ्यांचं तसं नव्हतं. हेवी लायसन्स दर तीन वर्षांनी नूतनीकरणाला जायचं (आता पाच वर्षं केलीत), मधे डोळे तपासायचे, ट्रेनिंगला बोलवायचे, आणि रोज पाठीमागं पन्नास प्रवासी बसलेले. जरा ब्रेक कचकन लागला की मागून आजीबाई ओरडायच्या. तुझ्या गाडीत ओरडायला कोण आहे? मागच्या सीटवर तुझी लॅपटॉपची बॅग.

आणि नापास झालीस तर काय होतं, तेही बघ. सात दिवसांनी परत टेस्ट देता येते. टेस्टची फी तीनशे रुपये. तीनदा नापास झालीस तर साठ दिवस थांबायचं. लर्निंग सहा महिन्यांचं असतं, ते संपलं तर नवीन काढायचं. तुझ्या ऑफिसातल्या पोरी एका पिझ्झाला याहून जास्त घालवत असतील. त्यामुळं मुदत संपतेय म्हणून घाई करू नकोस. हात बसला असेल तरच स्लॉट घे.

आता हात बसलाय की नाही ते कसं कळायचं? तुझ्या स्कूलच्या गाडीत ट्रेनरच्या पायाखाली वेगळे क्लच-ब्रेक आहेत, ते तू बघितलेच असतील. तो माणूस सिग्नलला हळूच आपला क्लच दाबतो, वळणावर आपला ब्रेक दाबतो, आणि वर म्हणतो, ‘छान चालवता मॅडम.’ उद्या त्याला सांग, साहेब, आज पाय वर घेऊन मांडी घालून बसा. रागावला तर रागावू दे, पैसे दिलेत आपण. तो मांडी घालून बसलेला असताना तू मोशीच्या चौकातून गाडी बंद न पाडता निघालीस, तर मी म्हणेन तुला गाडी येते.

दुसरं, हे स्कूलवाले आठचा आकडा आणि रिव्हर्स खुणांवर शिकवतात. अमुक खांब आरशात आला की पूर्ण स्टेअरिंग मारा, तमुक दगड खिडकीच्या रेषेत आला की दीड फेरा सोडा. त्या मैदानात, त्या गाडीत ते बरोबर येतं. गाडी बदलली, सीट दोन बोटं पुढे घेतली, की तोच खांब आरशात दुसरीकडे दिसतो आणि सगळं गणित फसतं. म्हणून खुणा पाठ करू नकोस. मागचं चाक कुठून जातंय हे कळलं पाहिजे. त्यासाठी एक काम कर. रविवारी सकाळी लवकर मामाची वॅगनआर घेऊन स्पाइन रोडच्या बाजूला एखादी मोकळी जागा गाठ. पाण्याच्या चार रिकाम्या बाटल्या उभ्या कर आणि त्यांच्यामधून उलटी गाडी घे. मान वळवून मागच्या काचेतून बघ, मग डावा आरसा, मग उजवा, परत मागे. गाडी मुंगीच्या चालीनं, निम्म्या क्लचवर. स्टेअरिंग फिरवायचं ते गाडी हलत असताना, जागेवर उभ्या गाडीत चाकं पिळायची नाहीत. बाटली पडली तर उतर आणि कुठलं चाक लागलं ते बघ. बसल्या बसल्या अंदाज बांधू नकोस. उतरून बघितलेलं डोक्यात राहतं.

मामाला शेजारी बसवल्याशिवाय निघायचं नाही, हे सांगायला नको. शेजारचा लायसन्सवाला पाहिजे, आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावलेला पाहिजे. मामाला फोन बघत बसू देऊ नकोस.

तुझी मैत्रीण ऑटोमॅटिक गाडी द्यायला तयार आहे, तीच टेस्टला नेऊ का, असं विचारत होतीस. कायद्यानं चालेल. स्कूटरला बिनगिअरचं वेगळं लायसन्स असतं, तसं कारला नाही. ऑटोमॅटिकवर टेस्ट दिलीस तरी उद्या गिअरची गाडी चालवायला मोकळी. पण मला विचारशील तर नको. गिअरची गाडी आली की ऑटोमॅटिक येतेच, उलटं होत नाही. आणि आपल्या घरी यायचं तर शेवटच्या चढाला पहिल्या गिअरशिवाय गत्यंतर नाही.

चढावरून आठवलं. तुला खरी भीती चढाचीच आहे, हे मला माहीत आहे. भोसरीत नाशिक फाट्याला आयडीटीआर म्हणून ड्रायव्हिंग ट्रेनिंगची संस्था आहे, तिथं तुमची टेस्ट होते, त्या ट्रॅकवर चढावर थांबून परत निघायला लावतात. तिथं सेन्सर आणि कॅमेरे बसवलेत, गाडी मागे सरकली तर ते लपत नाही. इथं एकच गोष्ट नीट शीक. चढावर थांबलीस की हँडब्रेक पूर्ण वर ओढ. पहिला गिअर टाक. थोडा अ‍ॅक्सिलरेटर दे आणि तिथंच धर. आता क्लच सोडायला लाग, पण टाच जमिनीला टेकवून, नुसत्या चवड्यानं, अगदी सावकाश. एक जागा अशी येते की इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेटचं नाक किंचित वर उचललं जातं. तिथं पाय गोठव. वर नाही, खाली नाही. आता हँडब्रेक खाली सोड. गाडी मागे येणार नाही, जागेवर उभी राहील. मग थोडा अ‍ॅक्सिलरेटर वाढव आणि क्लच उरलेला सोड. पुष्कळ पोरं हँडब्रेक सोडायच्या गडबडीत क्लचचा पाय पण उचलतात, मग गाडी हिसका देऊन बंद पडते. दोन्ही एकदम करायचं नाही. पाय गोठला की मगच हात.

याचा सराव तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर कर. रात्री अकरानंतर कोणी नसतं. वॉचमनला आधी सांगून ठेव, नाहीतर दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर तुझा व्हिडिओ यायचा. रॅम्पच्या मधोमध थांब, निघ, परत थांब. क्लच तापल्याचा वास आला की थांबायचं. मामाची गाडी आहे, क्लचप्लेट स्वस्त नाही.

बंद पडली तर पडू दे. हँडब्रेक, न्यूट्रल, चालू, पहिला. घाबरून गिअरमध्येच चावी फिरवू नकोस आणि इन्स्पेक्टर साहेबांकडे तोंड करून ‘सॉरी सर, सॉरी सर’ करत बसू नकोस. ते गाडी बघतायत, तुझं तोंड नाही.

ट्रॅकवर जे तपासता येत नाही ते बरंच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे आहेत, त्यातला 15 वा नियम काढून वाच. मोबाइलवर मिळतो. टेस्टमध्ये काय काय बघावं याची यादीच दिली आहे त्यात. तीव्र उतार उतरताना गिअर झटकन खालचा टाकता येतो का, हेसुद्धा लिहिलंय. आता भोसरीत कुंभार्ली घाट कुठून आणायचा? आम्हाला जुन्या ड्रायव्हरांनी सांगितलेलं होतं, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. नुसत्या ब्रेकवर घाट उतरला की ब्रेक तापतात, आणि तापले की ऐन वेळी धरत नाहीत. चिपळूणकडं उतरताना आम्ही गाडी इंजिनावर रोखून धरायचो, ब्रेक नावाला. हे तुला टेस्टला कोणी विचारणार नाही, पण कधीतरी लागेल. त्यामुळं पास झालीस म्हणून लगेच गाडी काढून हायवेनं गावाला येऊ नकोस. आधी पुण्यातल्या पुण्यात फिर, पावसात चालव, रात्री समोरच्या गाडीचे अप्पर, म्हणजे लांबवर पडणारे दिवे, डोळ्यांवर घेऊन चालव. मग मी येतो, दोघं मिळून येऊ. घाटात स्टेअरिंग तुझ्याकडं.

टेस्टच्या दिवशीचं थोडक्यात. पायात चपला नकोत, सँडल नकोत, पातळ तळाचे बूट घाल, म्हणजे पायाला क्लच कळतो. ओढणी घातलीस तर गाठ मारून घे, हँडब्रेकमध्ये अडकते. स्कूलच्या गाडीनं गेलीस तर एकाच गाडीत तुझ्यासारखी तीन-चार पोरं असतील, एक उतरलं की दुसरं बसतं. तुझ्या आधीचा सहा फुटी असला तर सीट मागे गेलेली असणार. सगळे मागे खोळंबलेत म्हणून तशीच निघू नकोस. बसलीस की सीट, आरसे, बेल्ट, सगळं आपल्या मापानं कर. लागू दे अर्धा मिनिट. आरसा नीट करणं हे त्या 15 व्या नियमात लिहिलेलंच आहे, त्यामुळं त्यात लाजायचं कारण नाही.

आणि वाट बघताना दुसऱ्यांची टेस्ट बघत बसू नकोस. एखाद्यानं खांब पाडला की तो आपल्या पोटात पडतो. झाडाखाली बस, पाणी पी. सकाळी खाऊन जा. उपाशी माणसाचे पाय थरथरतात आणि तो समजतो की मी घाबरलो.

आईचं म्हणणं आहे की पोरीला एवढं लांबलचक लिहून उगाच घाबरवताय. तिनं स्वतः ट्रॅक्टर चालवलाय, तिला लायसन्सचं कौतुक नाही. तिनं शेंगदाण्याची चटणी आणि कडाकण्या डब्यात भरून ठेवल्यात, गावातलं कोणी पुण्याला निघालं की पाठवतो.

शक्य असेल तर स्कूलच्या गाडीनं न जाता मामाच्या गाडीनंच टेस्ट दे. हात बसलेली गाडी ती. स्लॉट मिळाला की तारीख कळव, मी आदल्या रात्रीच्या गाडीनं येतो आणि शेजारी बसतो. माझं लायसन्स अजून चालू आहे. टेस्टला न्यायला मूळ लर्निंग, अपॉइंटमेंटची प्रिंट, गाडीचं आरसी आणि इन्शुरन्स एका फाइलमध्ये घालून ठेव. मामाच्या गाडीची पीयूसी संपली असणार, त्याचं नेहमीचंच आहे. ती आधी काढून घ्यायला सांग.

तुझे,
अण्णा