गणिताची चिन्हे टाइप करायला शिकवणारे एक पान पाठ्यपुस्तकात हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इयत्ता नववी आणि दहावीची गणिताची जी पाठ्यपुस्तके बालभारतीने २०१७ व २०१८ साली आणली, त्यांत काही धड्यांमध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या वापराची एक छोटी चौकट आहे आणि तीत जिओजेब्रासारखे सॉफ्टवेअर वापरून आकृती काढा, गुणधर्म पडताळून पाहा, अशा सूचना आहेत. ही चौकट आली तेव्हा माझ्यासारख्या अनेक शिक्षकांना मनापासून आनंद झाला होता, कारण फळ्यावर खडूने काढलेल्या एका वर्तुळाऐवजी त्रिज्या बदलत जाणारी शंभर वर्तुळे मुलांना पाहता येणार होती. परंतु या सगळ्या व्यवस्थेत एक दुवा राहून गेला आहे आणि त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मुलांनी सॉफ्टवेअर वापरावे असे आपण सांगतो. पण वर्गमूळ, घातांक, अंशाचे चिन्ह, ‘पेक्षा लहान किंवा समान’ हे चिन्ह कीबोर्डवरून कसे उमटवायचे, हे त्यांना कोणीही शिकवत नाही.

ही बाब किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. संगणकाच्या तासाला काय घडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ती तशी वाटणार नाही. एका यंत्रासमोर दोन-तीन मुले बसलेली असतात, तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो आणि त्यातला मोठा भाग पडद्यावरच्या चिन्हांच्या पट्टीत माउसने √ किंवा ≤ शोधण्यात जातो. ज्या आलेखावर चर्चा व्हायला हवी, तो पडद्यावर येईपर्यंत घंटा वाजते. याउलट कीबोर्डवरची पाच-सात रूपे ज्या मुलांच्या हाताला बसली आहेत, ती मुले समीकरण बदलून पाहतात, ‘इथे उणे घेतले तर काय होईल’ असे स्वतःहून विचारतात आणि खऱ्या अर्थाने गणित करू लागतात.

वेळ वाचणे हा यातला लहान लाभ आहे. मोठा प्रश्न अर्थाचा आहे आणि तो एका उदाहरणाने स्पष्ट करते. समजा, विद्यार्थ्याने ‘१’, तिरकी रेघ, ‘एक्स’, अधिक, ‘२’ अशा कळा ओळीने दाबल्या. जिओजेब्राच्या ‘क्लासिक ५’ या जुन्या आवृत्तीत, तसेच कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये, याचा अर्थ आधी एकला एक्सने भागा आणि मग त्यात दोन मिळवा, असा होतो. डेस्मॉस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये मात्र तिरकी रेघ दाबताच अपूर्णांकाची आडवी रेघ तयार होते, कर्सर छेदात उतरतो आणि उजवीकडच्या बाणाची कळ दाबेपर्यंत तो तिथेच राहतो. त्यामुळे ‘अधिक दोन’ हेही छेदातच जाते. एक्सची किंमत २ घेतली तर पहिल्या ठिकाणी उत्तर २.५ येते आणि दुसऱ्या ठिकाणी ०.२५. पहिला आलेख एक्स शून्य असताना तुटतो, तर दुसरा एक्स उणे दोन असताना. दाबलेल्या कळा त्याच, त्यांचा क्रमही तोच, आणि तरीही दोन निरनिराळी फलने पडद्यावर येतात. ज्याला बाणाच्या कळीचे काम ठाऊक नाही, तो विद्यार्थी आपली बीजगणिताची समज चुकली असे मानतो, आणि बहुतेक वेळा गप्प बसतो.

वर्गमुळाचेही तसेच आहे. डेस्मॉसमध्ये ‘एस क्यू आर टी’ ही चार अक्षरे टाइप केली की त्यांचे आपोआप √ होते आणि पुढे जे लिहाल ते सारे त्या चिन्हाखाली जात राहते. बाहेर पडायला पुन्हा उजवा बाणच लागतो. घातांकाच्या बाबतीत मात्र त्याच सॉफ्टवेअरने वेगळा नियम केला आहे. सहाच्या आकड्यावरचे टोपीसारखे चिन्ह शिफ्टसह दाबले की कर्सर घाताच्या जागी चढतो, पण अधिक, उणे किंवा बरोबर यांपैकी एखादे चिन्ह येताच तो आपोआप खाली उतरतो. म्हणून ‘एक्सचा वर्ग अधिक एक’ सरळ लिहिता येते. पण दोनचा घात ‘एक्स अधिक एक’ हवा असेल, तर घातामध्ये कंस घालावाच लागतो. हे नियम अवघड नाहीत, एकदा सांगितले की मुलांच्या चटकन लक्षात येतात. न सांगता मात्र ते कोणालाही सुचणार नाहीत, कारण वहीत लिहिताना अशी अडचण कधीच येत नाही. वहीत छेदाची रेघ कुठे संपते हे आपले डोळेच ठरवतात.

दहावीच्या त्रिकोणमितीत याचा फटका सर्वांत ठळक दिसतो. पुस्तकात तीस अंशाच्या कोनाचे साइन गुणोत्तर एक द्वितीयांश असल्याचे मूल शिकते आणि उत्साहाने ते संगणकावर तपासायला जाते. अंशाचे चिन्ह न देता नुसते ३० लिहिले, तर जिओजेब्रा ती संख्या रेडियन या कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात आहे असे धरते आणि उत्तर येते सुमारे उणे ०.९८८. रेडियन हे एकक दहावीच्या मुलाच्या अभ्यासात अद्याप आलेलेच नसते, त्यामुळे हे उत्तर कुठून आले याचा उलगडा त्याला करता येत नाही. तिथे ऑल्ट ही कळ धरून ‘ओ’ दाबले की ° हे चिन्ह उमटते आणि उत्तर ०.५ येते. दोन कळांचा एवढा हा मामला आहे. पण त्या दोन कळा माहीत नसल्यामुळे पुस्तकावरचा, संगणकावरचा किंवा स्वतःवरचा विश्वास डळमळू शकतो, आणि माझ्या अनुभवात मुले बहुधा स्वतःलाच दोष देतात.

या दोन्ही साधनांनी चिन्हे उमटवण्यासाठी निरनिराळे मार्ग स्वीकारले आहेत, हेही शिक्षकांनी समजून घेण्याजोगे आहे. जिओजेब्रात ऑल्टच्या जोडीने एक अक्षर दाबण्याची पद्धत आहे: ‘पी’ने π, ‘आर’ने √, ‘यू’ने ∞, ‘ए’ने α, ‘बी’ने β, आणि ऑल्टसह २ दाबल्यास वर्गाचा छोटा दोन. डेस्मॉसमध्ये चिन्हाचे इंग्रजी नावच लिहायचे असते. ‘पीआय’ लिहिले की π, ‘थीटा’चे इंग्रजी स्पेलिंग लिहिले की θ, ‘एस यू एम’ लिहिले की बेरजेचा Σ, आणि ‘पेक्षा लहान’ व ‘बरोबर’ ही चिन्हे लागोपाठ दाबली की ≤. मला स्वतःला ही दुसरी पद्धत शाळेसाठी अधिक उपयुक्त वाटते, कारण नाव लक्षात राहते आणि ते पुढेही उपयोगी पडते. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ मध्ये गणिती मजकूर जुळवण्यासाठी टेक ही प्रणाली आणली. तिच्यात आणि तिच्यावर आधारलेल्या लाटेकमध्ये हीच नावे उलट्या तिरक्या रेघेच्या (बॅकस्लॅशच्या) जोडीने वापरली जातात, आणि आज जगभरचे गणिताचे शोधनिबंध त्याच पद्धतीने लिहिले जातात. नववीत ‘एस क्यू आर टी’ लिहायला शिकलेल्या मुलीला पुढे विद्यापीठात तेच अक्षरगट पुन्हा भेटतील. विंडोजमध्ये ऑल्ट धरून २२७ हा आकडा टाइप केला की π आणि २५१ टाइप केला की √ येते, ही जुनी युक्ती आमच्या पिढीतल्या अनेक शिक्षकांना पाठ आहे. पण तिला उजवीकडची स्वतंत्र अंकपट्टी लागते, जी लहान लॅपटॉपवर नसते, आणि २२७ या आकड्याचा π शी काही संबंध असल्याचे मुलांना पटवून देता येत नाही.

मराठी माध्यमाच्या शाळांपुढे आणखी एक अडचण आहे, जिचा उल्लेख मला कोणत्याही प्रशिक्षणात ऐकायला मिळालेला नाही. आपल्याकडे मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक आहे आणि तो शिकवला जावा याच मताची मी आहे. परंतु या कळफलकावर देवनागरीची अक्षरे बसवताना गणिताच्या चिन्हांच्या जागा गेल्या आहेत. ‘बरोबर’च्या कळीवर ऋकाराची खूण आहे आणि शिफ्टसह तिथेच, म्हणजे अधिकच्या जागी, ‘ऋ’ आहे. भागाकाराच्या तिरक्या रेघेवर ‘य’ आहे. घातांकाच्या टोपीच्या जागी ‘त्र’, गुणाकाराच्या तारकेच्या जागी ‘श्र’ आणि ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘ष’ आहे. उणे आणि कंस तेवढे शाबूत राहिले आहेत. उच्चारानुसार मराठी उमटवणारी साधने वापरली तरी सुटका नाही, कारण तिथे ‘पीआय’ लिहिताच π ऐवजी ‘पि’ उमटतो. म्हणजे आधीच्या तासाला मराठीत निबंध टाइप केलेल्या यंत्रावर पुढच्या वर्गातला विद्यार्थी समीकरण लिहायला बसला, तर त्याला पडद्यावर भलतीच अक्षरे दिसतात आणि यंत्र बिघडले असे तो सांगत येतो. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते, ही एका वाक्याची माहिती संगणक कक्षाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असायला हवी. जिओजेब्राचे मेनू मराठीतून वापरता येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र मेनू मराठीत आणि कळफलक इंग्रजीत ठेवायचा, हा मेळ मुलांना कोणीतरी समजावून द्यावा लागतो.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विचार केला तर हा विषय सोयीचा उरत नाही, तो हक्काचा होतो. पडद्यावरच्या चिन्हांची पट्टी माउसने वापरणे त्यांना शक्य नाही; त्यांच्यासाठी कीबोर्ड हाच एकमेव मार्ग आहे. डेस्मॉस हे स्क्रीन रीडरसह, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसह, चालते, नेमेथ या गणिती ब्रेल पद्धतीत समीकरणे देते आणि आलेखाचा चढउतार आवाजाच्या चढउतारातून ऐकवते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य उपलब्ध आहे. साधने तयार आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. ती वापरण्यासाठीच्या कळा मराठीत नीट लिहून ठेवलेल्या असणे, आणि सर्वसाधारण शाळेतल्या शिक्षकालाही त्या माहीत असणे, एवढेच बाकी आहे. एकात्म शिक्षणाबद्दल आपण जे बोलतो, त्याची सुरुवात अशा ठिकाणी व्हायला हवी असे मला कळकळीने वाटते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, तो असा की दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतच नाही, मग या खटाटोपाची गरज काय. परीक्षेत ज्याला परवानगी नाही ते शिकवूच नये, असे मानले तर पुस्तकातली ती चौकटही काढून टाकावी लागेल. शिवाय बाहेरचे जग थांबलेले नाही. अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीची सॅट परीक्षा अमेरिकेबाहेर २०२३ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून संगणकावर होते. तिच्या गणिताच्या भागात ७० मिनिटांत ४४ प्रश्न सोडवायचे असतात आणि डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर परीक्षेच्या पडद्यावरच दिलेला असतो. आपल्या राज्यातूनही विद्यार्थी ही परीक्षा देतात, आणि ज्यांना शिकवणी परवडते ते या कळा तिथे शिकून घेतात. केरळच्या सरकारी शाळांत तर जिओजेब्रा हा माहिती तंत्रज्ञान विषयाच्या अभ्यासाचा भाग आहे. आपल्या राज्यात मात्र ज्या मुलीच्या घरी संगणक नाही, तिला हे ज्ञान शाळेच्या तासातच मिळू शकते. तिथे ते मिळाले नाही तर दुसरीकडे कुठे मिळण्याची शक्यता फार कमी.

म्हणून बालभारती आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांना माझी विनंती आहे की नववीच्या गणिताच्या पुस्तकात, ती चौकट पहिल्यांदा येते त्याच्या आधी, एक पान या विषयासाठी द्यावे. त्यात वर्गमूळ, घातांक, अपूर्णांक, अंश, π आणि असमानतेची चिन्हे जिओजेब्रा व डेस्मॉस या दोन्ही साधनांत कशी उमटवायची, हे कळांच्या चित्रांसह असावे. छेदातून व वर्गमुळातून बाहेर पडण्याची बाणाची कळ ठळकपणे दाखवावी. आणि कळफलकाची भाषा बदलण्याची रीत द्यावी. त्याखाली तीन-चार उदाहरणे अशी असावीत की ज्यांत कंस किंवा बाण विसरल्यास उत्तर बदलते, म्हणजे मुले ते स्वतः करून पाहतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत असताना नव्या पुस्तकात हे पान सहज बसवता येईल; पण नववीचे नवे पुस्तक येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही, कारण ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ते स्वतंत्र पीडीएफ म्हणून आजही देता येईल. त्याचीच ध्वनिरूप आणि ब्रेल आवृत्ती सोबत असावी. जून महिन्यात, आलेखांचे धडे सुरू होण्याआधी, गणित आणि संगणकाच्या शिक्षकांनी मिळून दोन तास यासाठी राखून ठेवले, तर वर्षभराच्या वेळापत्रकावर त्याचा ताण पडणार नाही, आणि ज्या शाळांत छपाईची सोय आहे त्यांनी तोपर्यंत हे पान आपल्या आपण तयार करून प्रत्येक यंत्राशेजारी चिकटवावे.

आपली,
माध्यमिक शाळेतील एक गणितशिक्षिका,
जि. सातारा