नाव पुढे मोठं, औषध मागे बारीक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाळीच्या दुखण्यावर आपण मनानेच ज्या गोळ्या घेतो त्याबद्दल लिहितेय, जमलं तर छापा. परवा मुलीची बॅग आवरताना गोळ्यांची दोन पाकिटं सापडली, एक गुलाबी एक निळं. विचारलं तर म्हणते, "एकीने नाही थांबलं तर तासाभराने दुसरी घेते." चष्मा लावून मागचं वाचलं तर दोन्हीत आयबुप्रोफेनच! म्हणजे पोरीला वाटतंय औषध बदललं आणि पोटात जातोय डबल डोस. तिला तरी काय बोलणार, पुढे ठळक असतं ते ब्रँडचं नाव, औषधाचं नाव मागे मुंगीएवढ्या अक्षरात.

मोठ्यांसाठी डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन घ्यायचं तर एका वेळी 200 ते 400 मिलिग्रॅम, मध्ये सहा तास जाऊ द्यायचे आणि दिवसभरात 1200 च्या वर जायचं नाही, तेही काहीतरी खाऊन. नॅप्रोक्सेन, अ‍ॅस्पिरिन हे त्याचेच भाऊबंद, त्यामुळे यातली दोन एकत्र नकोच. पॅरासिटामोल वेगळं, पण ते सर्दीच्या गोळीतही लपलेलं असतं, तेव्हा तिथेही मागची बाजू बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली ती जुनी सवय, अगदी असह्य होईपर्यंत दात-ओठ खात बसायचं आणि मग गोळी. (मीही वर्षानुवर्षं हेच केलं, वर त्याचा अभिमान!) गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने ते आवळतं आणि कळा येतात, ही गोळी ते तयार होणंच कमी करते. आधीच भरपूर झालेलं असेल तर ती बिचारी काय करणार? म्हणून पहिली कळ आली की घ्यावी, दोन-तीन दिवस, मग बंद.

अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पाळी चुकली असेल तर आधी टेस्ट करा. आणि गोळी घेऊनही दर महिन्याला आडवं पडावं लागत असेल, दुखणं वाढतच चाललं असेल किंवा तासा-तासाला पॅड भिजत असेल तर "बायकांचं असतंच असं" म्हणून घरी बसू नका, एंडोमेट्रिओसिससारखं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) काही असू शकतं.

आमच्याकडे आता एकच पाकीट आहे, त्यावर मुलीने मार्करने आडवं लिहिलंय: आयबुप्रोफेन. कंपन्यांनीच तेवढ्या मोठ्या अक्षरात छापलं असतं तर मार्कर लागला नसता.

आपली,
एक वाचक