अक्का, त्या उतू गेलेल्या दुधाबद्दल

अक्का,

तुमच्या ओट्यावर शिकलेल्या इंग्रजीबद्दल समोर बसून बोलले असते तर तुम्ही "गप गं, चहा घे" म्हणून दोन मिनिटांत विषय मिटवला असता, म्हणून इथं सगळ्यांच्या देखत लिहितेय. आता हैदराबादला लेकीकडं निवांत बसून वाचा आणि काय रागवायचं ते फोनवर रागवा. नाव टाकत नाही तुमचं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात ज्याला कळायचं त्याला "टेलिफोनवाल्या अक्का" एवढ्यावरच कळतंय.

तर झालं असं की मंगळवारी बायरचा, म्हणजे आमचे टॉवेल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा, कॉल होता. मोठे साहेब मुंबईला गेलेले, दुसरे साहेब ऐनवेळी "तूच बघ की" म्हणून सटकले, आणि स्क्रीनवर तिकडची तीन माणसं, इकडं एमआयडीसीतल्या त्या केबिनमध्ये मी एकटी, एसी चालू असून घामानं निथळलेली. टॉवेलच्या लेबलवरनं वाद होता, त्यांनी बदल उशिरा कळवला आणि तोवर इकडं माल पॅक झालेला, बाकी तपशिलात शिरत नाही. मधेच त्यातला एकजण म्हणाला की लेबल तुम्ही बदलायला हवं होतं. आणि अक्का, माझ्या तोंडातनं न अडखळता बाहेर पडलं, "इफ यू हॅड टोल्ड अस बिफोर द पॅकिंग, वुई वुड हॅव चेंज्ड इट." तो "फेअर इनफ" म्हणाला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. बस्स. त्याच्या लेखी काहीच झालं नव्हतं. मी मात्र कॉल संपल्यावर चेकिंगच्या टेबलापाशी जाऊन उगंच टॉवेल मोजत उभी राहिले, कारण डोळे भरलेले आणि कुणाला दाखवायचे नव्हते. संध्याकाळी थेट तुमच्याकडं आले तर दाराला कुलूप. तेव्हापासनं हे पोटात घेऊन फिरतेय.

आता तुम्ही म्हणाल मागचं उकरू नको. पण मी उकरणार. माझी पाचवी 1996 ची. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, आमच्या वाट्याला ए बी सी डी सुद्धा पाचवीत आली. बाई धडा वाचायच्या, मराठीत अर्थ सांगायच्या, उत्तरं फळ्यावर लिहायच्या, आम्ही उतरवून घ्यायचो. दहावी झाले तरी एक वाक्य इंग्रजीत कुणाशी बोलले नव्हते. बाईंना दोष देत नाही, साठ पोरं होती वर्गात. दोष देते त्या क्लासवाल्याला. 90 दिवसांत फाडफाड इंग्रजी, फी आधी, पावती नंतर, ती नंतर अजून यायचीय. पहिल्या दिवशी सर म्हणाले मराठीत विचार करणं बंद करा. बंद करून कशात करायचा ते काय सांगितलं नाही. मी उभी राहून "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" म्हटलं तर सरांनी तेच वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवलं, अख्खा वर्ग हसला, आणि चूक काय होती ते शेवटपर्यंत कुणी सांगितलंच नाही. (भाऊ असणं ही काय आत्ता चाललेली क्रिया आहे का, मग आयएनजी कशाला, आय हॅव टू ब्रदर्स. तुम्हाला अर्धं मिनिट लागलं सांगायला.)

आणि मग ऑफिसातलं ते प्रकरण. मी एका मेलमध्ये लिहिलेलं, "वुई हॅव अ डाउट अबाउट युवर पेमेंट". मला इतकंच विचारायचं होतं की आलेले पैसे कुठल्या बिलाचे. तिकडनं थंडगार उत्तर आलं, आमच्या पेमेंटबद्दल तुम्हाला नेमका कसला संशय आहे ते कळवावं. ते उत्तर आणि माझा मेल, दोन्ही आमच्या एका वरिष्ठांनी सगळ्या ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवले. हे गृहस्थ स्वतः प्रत्येक मेल "काइंडली डू द नीडफुल"नं संपवतात, मग ते लग्नाचं आमंत्रण का असेना, पण ते सोडा.

तो मेल प्रिंट काढून तुमच्या ओट्यावर आले ती पहिली संध्याकाळ. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलात. हसला नाहीत. म्हणालात, "आपली शंका दोन तोंडाची आहे गं. तो येईल का नाही शंका आहे, हा डाउट. त्यानंच चोरलं अशी शंका आहे, हा सस्पेक्ट. नसेल असं वाटतंय तिथं डाउट, असेल असं वाटतंय तिथं सस्पेक्ट. आणि तुला तर दोन्ही म्हणायचं नव्हतं, तुला प्रश्न होता, मग क्वेश्चन म्हण की सरळ." वर हे पण सांगितलंत की वर्गात मास्तरला डाउट विचारणं आपल्या देशात चालतं, त्यात माझी लाज जायचं कारण नाही, फक्त तिकडच्या माणसाला वाटतं हिचा माझ्यावर भरवसा नाही. एवढंच. चार वर्षं ज्या शब्दानं माझी झोप उडवली होती तो शेंगा फोडल्यासारखा फोडून हातावर ठेवलात.

लोकांना वाटेल तुम्ही इंग्रजीच्या प्राध्यापक. कुठलं काय. आई विड्या वळायची, तुम्ही शेजारी बसून पत्र्याच्या मापानं पानं कापायचात, घरात तेलुगू, चौथीपर्यंत शाळा तेलुगू, पाचवीपासनं मराठी, आणि इंग्रजी आलं ते टेलिफोन खात्यात ट्रंक कॉलवर, म्हणजे परगावचे फोन जोडून देताना, कानाला हेडफोन लावून मुंबई एक्स्चेंजच्या बायकांचं ऐकून ऐकून. म्हणूनच तुमचं ग्रामर कानातनं यायचं. अ कधी आणि ॲन कधी, मी स्वर-व्यंजनं पाठ करून थकले होते, तुम्ही म्हणालात डोळे मीट, फोनवर स्पेलिंग दिसतं का? ॲन अवर. अ युनिव्हर्सिटी. अक्षर काय का असेना, कानाला काय लागतं ते बघ.

आणि "द". बाई गं, त्या "द"नं मला किती छळलं, मराठीत नाहीच ना ते, कुठं लावायचं आणि कुठं नाही. तुम्ही आतनं आवाज दिलात, "वाटी दे गं." मी म्हटलं कुठली? "विचारलंस ना कुठली? मग अ. आता तीच परत मागितली तर विचारशील का? नाही ना, मग द." सगळीकडं नाही चालत ही युक्ती, नद्यांच्या नावाला द लागतो आणि गावांच्या नावाला लागत नाही तिथं पाठच करावं लागतं, पण माझ्या मेलमधल्या बहुतेक चुका त्या एका वाटीनं धुऊन काढल्या.

माझ्या वहीत एक अख्खं पान "कडक" या शब्दाचं आहे, आठवतंय का? मे महिना, लाइट गेलेली, आपण ओट्यावर पेपरनं वारा घेत बसलेलो आणि मी म्हटलं आज ऊन लई कडक होतं, इंग्रजीत काय म्हणायचं, हार्ड सन? तिथनं जे सुरू झालं ते रात्री नऊपर्यंत. कडक चहा स्ट्राँग. कडक ऊन हार्श, नाहीतर स्कॉर्चिंग. कडक थंडी बिटर, आता थंडी कडू कशी हे इंग्रजांनाच माहीत. कडक मास्तर स्ट्रिक्ट. कडक कॉलर स्टिफ. आणि आपली कडक भाकरी क्रिस्प, हार्ड म्हटलं तर वाटेल शिळी झालीय. आपल्या एका शब्दाला त्यांचे सहा, आणि प्रत्येकाची सोबत ठरलेली, सून जशी एकाच घरची. त्या पानावर अजून तुमच्या हातच्या शेंगा चटणीचा तेलाचा डाग आहे.

मी कधी रडकुंडीला आले की तुम्ही आपल्या डॉ. कोटणीसांना मधे आणायचात. "भैय्या चौकातलं पोरगं 1938 साली चीनला जाऊन चिनी शिकलं, तिथल्या जखमी सैनिकांशी त्यांच्या भाषेत बोललं, आणि तुला एक एस लावता येईना होय?" तो एस म्हणजे ही गोज, शी वर्क्स वाला, नेहमी गळायचा माझा. मग एकदा म्हणालात, "आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, बोर खाल्लं. खाणारी तू एकटीच, पण खाल्लेल्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतेस, ते पण विचार न करता. माझ्या तेलुगू डोक्याला हे जमवायला वर्षं गेली, पोरं हसायची वर्गात, पंखा तो, खुर्ची ती, कपाट ते, का तर का. हे ज्याला येतं त्यानं एका एसला घाबरायचं?" मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं की मला एक अवघड भाषा आधीच येते.

पण हे सगळं एका बाजूला आणि ती संध्याकाळ एका बाजूला.

इफचं वाक्य चाललं होतं. मी दर वेळी "इफ यू वुड हॅव टोल्ड, वुई वुड हॅव चेंज्ड" म्हणायचे, कारण आपल्याकडं सांगितलं असतं तर बदललं असतं, दोन्हीकडं असतं, मग मी दोन्हीकडं वुड घालायची. तुम्ही समजावून झालं होतं की इफच्या बाजूला हॅड, वुड पलीकडं. आता म्हण, म्हणालात. आतमध्ये गॅसवर दूध ठेवलेलं. मी सुरुवात केली, "इफ यू" आणि अडकले. डोक्यात नुसता गोंगाट. आतनं दूध वर यायचा तो आवाज यायला लागला, मला ऐकू आला म्हणजे तुम्हाला आलाच असणार, अख्खा जन्म कानावर काढलेली बाई. मी उठायला गेले तर तुम्ही हात वर केलात, असा, एक बोट, ऑपरेटर लाइन धरून ठेवताना करत असतील तसा. "लाइन चालू आहे. चेप्पु, चेप्पु." (तेलुगूत सांग, सांग.) मी परत "इफ यू" म्हटलं. दूध फसफसून गॅसवर गेलं, करपल्याचा वास बाहेर आला, गॅस विझल्याचं पण कळलं. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत बसलेल्या, चेहऱ्यावर घाई नाही, पुढचा शब्द तोंडात कोंबणं नाही, ओठ हलवून हळूच सुचवणं पण नाही. "इफ यू हॅड... टोल्ड अस... वुई वुड हॅव चेंज्ड इट." झालं. मग तुम्ही उठून आत गेलात आणि गॅसचं बटण बंद केलंत. त्या दिवशी चहा बिनदुधाचा प्यालो आपण.

अक्का, अर्धा लिटर दुधाचं काय एवढं असं कुणाला वाटेल, पण घरातली बाई उतू जाणारं दूध सोडून दुसऱ्याच्या अडलेल्या वाक्यापाशी बसून राहते हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. त्याआधी जो भेटला त्यानं माझं वाक्य तरी तोडलं नाहीतर माझ्यासाठी पूर्ण करून टाकलं. नवरा पण, माणूस चांगला आहे, पण "हां हां कळलं" म्हणतो.

तेव्हापासनं मला नादच लागलाय लोक ऐकतात कसे ते बघायचा. परवा बँकेत एक आजोबा पासबुक नाचवत अर्धं कानडी अर्धं मराठी काहीतरी सांगत होते, मागं लाइन ओरडत होती, आणि काउंटरवरची पोरगी पेन खाली ठेवून नुसती ऐकत होती. वाटलं जाऊन तिच्या हातात शेंगा चटणीची पुडी द्यावी. अशी माणसं आहेत आपल्या सोलापुरात, बोलायला रांगडी, "काय बे" शिवाय सुरुवात नाही, पण आहेत. फक्त ती क्लासची पाटी लावत नाहीत, ती लावणारे वेगळेच.

फी तर तुम्ही घेतलीच नाहीत. पाण्याच्या दिवशी चार घागरी वर चढवून द्यायच्या एवढाच करार, तो पण पाणी चार-पाच दिवसांनी येणार म्हणजे हिशेब माझ्याच फायद्याचा. तुम्ही नाही तर या वेळी घागरी चढवायच्या राहिल्या, हात मोकळे मोकळे वाटले.

त्या पातेल्याच्या बुडाचा काळा डाग निघाला का हो? मी घासून देते म्हटलेलं, तुम्ही राहू दे म्हणालात. आल्या की कळवा, रविवारी येते, राख घेऊन येते.

तुमची,
वहीवाली

ता. क. कॉलच्या शेवटी मी थँक यू म्हटलं तर तो "नो वरीज" म्हणाला आणि माझ्याकडं बघत राहिला. त्यावर परत काही म्हणायचं असतं का? मी नुसती मान हलवली.