कल्हईची परात धरणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न. वि. वि.

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत कोणी हे पत्र वाचून दाखवलं, तर पहिल्या दोन ओळींतच तुम्हाला कळेल.

काल प्रोजेक्ट जमा केला. १२ माणसं, १२ पोर्ट्रेट. लॅबमधून प्रिंट आणल्या तेव्हा पाकीट तिथेच काउंटरवर उघडलं. सगळ्यात वर काकांचा फोटो होता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत तो बारीक पांढरा उजेड बघितला आणि मला रडू आवरेना.

तुमच्याकडे येण्याआधी तीन महिने मी नुसते हेलपाटे घातले होते. पहिले फोटो आमच्या सरांनी बोटाने सरकवत अर्ध्या मिनिटात बघितले. "आधार कार्डावरचे वाटतात," म्हणाले. का वाटतात, काय करू, हे विचारलं तर म्हणे तुझं तू शोध. एका स्टुडिओत चेहऱ्यावर उजेड परतवणारा रिफ्लेक्टर एका दिवसापुरता भाड्याने मागितला, तर विद्यार्थ्यांना देत नाही म्हणून वाटेला लावलं. शिकणाऱ्याला असं परत पाठवताना माणसांना काहीच कसं वाटत नाही? मला अजून त्याचा राग येतो.

काकांचा राग मात्र मला पटला होता. "फोटोवाले खूप येतात. काढतात आणि जातात. एकानंही फोटो आणून दिला नाही." म्हणून पहिले दोन दिवस मी कॅमेरा बाहेरच काढला नाही, मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीनं ठोके मारायचं काम, बघत बसले. भट्टीत तापवून मऊ केलेलं तांबं ठोक्यांनी पुन्हा कडक होतं आणि प्रत्येक ठोका आपला एक चकचकीत ठिपका मागे ठेवतो, हे मला तिथे बसून कळलं. तिसऱ्या दिवशी काका स्वतःच म्हणाले, "काढ आता."

आणि तेव्हा उजेडानं दगा दिला. पत्र्यातून येणारं ऊन सरळ डोक्यावर पडायचं. कपाळ पांढरंफटक आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या. फ्लॅश मारला की मागचं घंगाळ भगभगायचं आणि काका डोळे मिटायचे. कमी उजेडातही फोटो यावा म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ ३२०० वर नेला, तर फोटोत चेहरा रवाळ दिसायचा. उजेड परतवायला थर्माकोलची शीट आणली होती, ती बसच्या गर्दीत मोडली. मी कॅमेरा खाली ठेवला. कोणाकडे काही मागितलं नाही, मागायचं बळच उरलं नव्हतं.

तुम्ही उंबऱ्यातून सगळं बघत होतात. एक परात उचललीत आणि काकांसमोर उन्हात धरलीत. त्यांचा चेहरा एकदम नारिंगी झाला. "तांब्याची नको," असं स्वतःशीच म्हणून आत गेलात आणि नवी कल्हई केलेली आणलीत. पदरानं पुसलीत, खाली बसलात, कड गुडघ्यावर टेकवलीत आणि हळूहळू कलती केलीत. हनुवटी उजळली, मग गाल, मग डोळे. "आलं का डोळ्यात?" तुम्ही विचारलंत.

अख्खी ४० मिनिटं तुम्ही ती परात धरून होतात. ऊन सरकलं की मी सांगायच्या आधीच तुमचा हात सरकायचा. मनगट थरथरायला लागलं तेव्हा हात बदललात, पण खाली ठेवली नाहीत. तुम्हाला हे कसं जमतं, असं मी नंतर विचारलं. "ठोका सारखा पडला का, ते भांडं उजेडात फिरवूनच बघतात. जन्मभर तेच केलंय," एवढंच म्हणालात आणि चहा टाकायला उठलात.

फोटोतलं आपल्याला काही कळत नाही, असं तुम्ही तीनदा म्हणालात. काकू, दोन वर्षांत वर्गात उजेडाबद्दल जेवढं शिकले नाही, तेवढं त्या ४० मिनिटांत शिकले. आणि नुसता उजेडच नाही. दुसऱ्याचं अडलेलं काम ओळखायचं, न बोलता उठायचं, त्याला ओशाळं वाटू द्यायचं नाही, हे तुमच्या घरात अगदी सहज होतं. उरलेल्या ११ जणांसमोर मी त्याच सावकाशीनं बसले. आधी बोलले, मग कॅमेरा. त्यातल्या दोघांना तर तुम्हीच हाताला धरून माझ्यापुढे बसवलंत.

रविवारी सकाळी येते आहे. सगळ्यांच्या प्रिंट आणते, काकांची मोठी, फ्रेम करून. आणि एक राहिलंय. इतके दिवस तुमच्या ओसरीवर बसले, पण तुमचा एकही फोटो माझ्याकडे नाही. दर वेळी तुम्ही परातीच्या मागे होतात. या वेळी समोर बसायचं. परात मी धरीन, बटण काका दाबतील.

तुमची,
कॅमेरावाली मुलगी