चावट ओळी गाळू नका

महोदय,

सब्रिना कारपेंटर या अमेरिकन गायिकेच्या ‘मॅन्स बेस्ट फ्रेंड’ या अल्बमवर अश्लीलतेचा शिक्का मारून मोकळे होणाऱ्यांत आमच्या सिंधुदुर्गातली शिकलीसवरलेली मंडळीही आहेत, याचे मला फार वाईट वाटते. बहुतेकांचा राग कव्हरवर आहे. गुडघे टेकलेली सब्रिना आणि तिचे केस मुठीत धरलेला हात, हे चित्र मलाही खुपले. घरगुती अत्याचार सोसणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या ‘ग्लासगो विमेन्स एड’ या संस्थेने त्यावर उघड टीका केली, ती मला पटते. पण गाणी तरी ऐका!

एकूण बारा गाणी आहेत आणि ती लिहिण्यात तिचा स्वतःचा हात आहे. त्यातले ‘मॅनचाइल्ड’ जून २०२५ मध्ये आधी आले आणि अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड ‘हॉट १००’ यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेले. वयाने वाढलेल्या पण अकलेने पोरच राहिलेल्या पुरुषाची ती त्यात यथेच्छ खिल्ली उडवते. असलेच पुरुष आपल्याला का भावतात, म्हणून स्वतःलाही सोडत नाही. ‘टियर्स’मध्ये तर भांडी घासणारा, जबाबदारीने वागणारा पुरुष दिसला की ती विरघळते. आणि हे सगळे ती लेस, कुरळे केस, उंच टाचा अशा पुरत्या नटव्या रूपात गाते. लोकांना हसवायचे तर बाईने नटणेमुरडणे सोडावे, ही अट तिला मान्यच नाही. मला तिचे हेच मोल वाटते.

अल्बम २९ ऑगस्टला आला, तेव्हा आमच्याकडे गणपती बसून दोनच दिवस झाले होते. अबोलीचे वळेसर माळलेल्या बायका गावोगाव फुगड्या घालत होत्या आणि गाण्यांतून घोवाचा आळस, नणंदेचा तोरा, सासूची कुरकुर यांची टर उडवत होत्या. यात चावट गाणीही असतात, आणि पुरुषमंडळी जरा लांब गेली की तीच जास्त रंगतात. त्यांना कोणी थिल्लर म्हणत नाही. मग सब्रिनालाच का?

फुगडी स्पर्धांत मात्र आता देवाची आणि प्रबोधनाची गाणी पुढे येऊ लागली आहेत. प्रबोधनाला माझी ना नाही, पण थट्टा काढून घेतलेली फुगडी मला नको.

आपण गणपती पुरवणीत आरत्या आणि मोदकांच्या कृती छापता. पुढच्या वर्षी वेंगुर्ला, कुडाळ, देवगडकडच्या म्हाताऱ्या बायकांकडून ही गाणी लिहून घ्या. चावट ओळी न गाळता छापा, आणि सांगणारीची हरकत नसेल तर खाली तिचे नावही द्या.

एक वाचक, मालवण